सरकारी न्यूरो वॉर्ड, २६ दिवस : चार स्टार. त्याआधीची एसी रूम : एक स्टार, तोही कॅन्टीनच्या पोह्यांना

आधीच सांगते, दोन्ही हॉस्पिटलची नावं लिहिणार नाही, विचारूही नका. पहिल्याचं लिहिलं तर भांडण होईल आणि दुसऱ्याचं लिहिलं तर लोक म्हणतील सरकारी दवाखान्याचं एवढं कौतुक करतेय म्हणजे कोणीतरी नातेवाईक कामाला असणार तिथे. आणि मला बिल्डिंगबद्दल बोलायचंच नाहीये. मेंदूच्या टीबीचा पेशंट घेऊन तुम्ही कुठल्याही गेटमधून आत गेलात तर तिथली सर्व्हिस चांगली का वाईट हे कशावरून ओळखायचं ते सांगायचंय, कारण आम्ही नऊ दिवस भलत्याच गोष्टी बघत बसलो होतो. एसी चालतो का, चादर रोज बदलतात का, सिस्टर गोड बोलते का.

पेशंट माझा दादा. वय ३६, स्वतःची पिकअप, लासलगाव मार्केटला कांदा नेणं हा धंदा. दारू नाही, शुगर नाही, तंबाखू आहे (होती). डिसेंबरच्या शेवटाला डोकं दुखायला लागलं. रोज संध्याकाळी बारीक ताप, जेवणावरची वासना गेली, पँट ढिली झाली. वहिनी म्हणायची डॉक्टरकडे जाऊन या, हा म्हणायचा सीझन आहे. मेडिकलवरून गोळ्या आणून खायचा. असे दोन आठवडे गेले. मग एका रात्री गाडी घेऊन येताना घरी फोन केला आणि म्हणाला पुढच्या ट्रकच्या मागच्या लाइटा चार दिसतायत मला, दोनाच्या चार, एक डोळा मिटून चालवतोय. आम्ही हसलो. मी तर म्हणलं, चष्मा लागला तुला म्हाताऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उलट्या सुरू झाल्या, भसाभसा, मळमळ वगैरे काही नाही, डायरेक्ट उलटी, तेव्हा आण्णांनी त्याला उचलून तालुक्याच्या त्या प्रायव्हेटला नेलं.

आता एसी रूमचा रिव्ह्यू. रिसेप्शन एक नंबर, पाणी फिल्टरचं, बिल काउंटर तर इतकं फास्ट की पेशंट बेडवर पडायच्या आधी डिपॉझिटची पावती हातात. पहिले दोन दिवस व्हायरल होतं. तिसऱ्या दिवशी विडाल टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि मग टायफॉइड झाला. (विडाल आपल्याकडे कोणाचीही पॉझिटिव्ह येते हे मला नंतर कळलं, जुना ताप, जुनी लस, कशानेही येते, नुसत्या तेवढ्यावर टायफॉइड धरून बसायचं नसतं.) सलाईन, इंजेक्शन, सलाईन. पाचव्या दिवशी ताप थोडा उतरला, आम्ही खूश. पण दादा तोंडावर ब्लँकेट घेऊन पडलेला असायचा, खिडकीचा उजेड सहन होईना. मान दुखते म्हणाला तर उशी बदलून दिली. डबल दिसतं म्हणाला तर अशक्तपणा आहे म्हणे. सातव्या दिवशी त्याने आईला शिवी दिली. आमचा दादा, जो आईला अरेतुरे सोडा, वर मान करून बोलत नाही. रात्रभर काहीबाही बडबडत होता, गाडी आडवी लाव, ताडपत्री टाक, पाऊस आला. सकाळी राऊंडला सांगितलं तर टेन्शनमुळे होतं असं म्हणून झोपेची गोळी लिहिली. डोकेदुखी, ताप, उलटी, मान, डबल दिसणं, बडबड. आता एका ओळीत लिहिताना माझं मलाच वाटतं हे कोणाला कसं दिसलं नाही. पण ते एका ओळीत आलंच नव्हतं ना. रोज एक नवीन तक्रार, रोज तिच्यावर एक नवीन गोळी.

नवव्या दिवशी आमच्या गावचे जुने डॉक्टर भेटायला आले. बीएएमएस आहेत, सत्तरी ओलांडलेली, नुसते बघायला म्हणून केळी घेऊन आलेले. त्यांनी दादाच्या डोक्याखाली हात घातला आणि हळूच हनुवटी छातीकडे आणायला गेले तर मान वाकलीच नाही, डोकं, मान, खांदे सगळं फळीसारखं एकत्र वर आलं. त्यांनी परत खाली ठेवलं. केळी टेबलावर ठेवली आणि आण्णांना बाहेर बोलवून म्हणाले, "टायफॉइड-बियफॉइड सोडा, हा मेंदूज्वर आहे, आत्ताच्या आत्ता मोठ्या सरकारीला न्या, उद्या नको." डिस्चार्ज करायला चार तास लावले. बिल ५४ हजार. एक स्टार दिलाय तो कॅन्टीनच्या पोह्यांना, खरंच चांगले होते.

सरकारीत पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा. कॅज्युअल्टीत स्ट्रेचर नाही, एका स्ट्रेचरची दोन चाकं मारकुट्या बैलासारखी वेगळ्याच दिशेला ओढत होती, तेच मिळालं. फिनेलचा वास, जमिनीवर माणसं झोपलेली, आईने दारातच तोंडाला पदर लावला. आणि मी तेव्हा मनात म्हणलं, आपण चुकलो, एसी सोडून इथे आणलं.

एक रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर मुलगा आला, पंचविशीचा असेल, डोळे तारवटलेले, पायात स्लीपर. त्याने दादाला नाव विचारलं, दादाने सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. आज वार कुठला विचारलं तर दादा म्हणाला, "बाजाराचा." तो हसला नाही, केसपेपरवर लिहिलं. डोळे डावी-उजवीकडे फिरवायला लावले, उजवा डोळा बाहेरच्या बाजूला जाईना, मध्येच अडकायचा. मान बघितली. मग मला विचारलं, "ताई, किती दिवस झाले एकूण? पहिल्या दिवसापासून सांगा." या एका प्रश्नाला मी दोन स्टार देते. आख्ख्या नऊ दिवसांत कोणी पहिल्या दिवसापासून विचारलंच नव्हतं. मी सांगितलं साडेतीन आठवडे. तो म्हणाला, साध्या मेंदूज्वराला एवढा वेळ लागत नाही, तो दोन-चार दिवसांत माणूस आडवा करतो. हा रेंगाळत आलाय म्हणजे आधी टीबीच बघावा लागेल.

रात्री पाऊणला सीटी झाला. नंतर पाठीतलं पाणी काढायचं म्हणाले आणि आमच्याकडे महाभारत सुरू. आईने बेडचा दांडा धरला. "पाठीत सुई घातली की पोरगं कायमचं लुळं पडंल, आमच्या भावकीत पडलंय एक, मी सही करू देनार न्हाई." तुमच्याकडेही हेच म्हणतात, मला माहितीये, अख्ख्या महाराष्ट्रात हेच म्हणतात. त्या मुलाने रात्री दीड वाजता खुर्ची ओढली आणि आईसमोर बसला. आपल्याच कमरेवर बोट ठेवून दाखवलं की आजी, पाठीच्या कण्यातली जी मेन दोरी असते ती इथे वरच संपते, मी सुई तिच्या खाली घालणार, इथे नुसतं पाणी असतं. तुमच्या भावकीतला माणूस सुईने लुळा पडला नसेल, ज्या आजारासाठी सुई घातली त्या आजाराने पडला असेल. आई गप्प झाली. सही आण्णांनी केली. हात थरथरत होता त्यांचा.

मला पडद्याच्या कडेने दिसत होतं. दादाला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले, वॉर्डबॉय मामांनी मानेला आणि गुडघ्याला धरून ठेवलं. थेंब थेंब पाणी चार छोट्या बाटल्यांमध्ये घेतलं. भरपूर घेतलं, सात-आठ एमएल तरी, मी घाबरून विचारलं एवढं का, तर म्हणे टीबीचे जंतू या पाण्यात फार थोडे असतात, दोन थेंबांत सापडतच नाहीत, जास्त पाणी पाठवलं तर सापडायचा चान्स वाढतो. त्याच वेळी बोटातून शुगर पण घेतली. पाणी जवळजवळ स्वच्छच होतं, जराशी पिवळट झाक. एक बाटली खिडकीच्या कट्ट्यावर राहिली होती, पहाटे मी बघितली तर तिच्यात मधोमध कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी तयार झालेलं, अगदी बारीक, लोंबकळणारं. सिस्टरला दाखवलं. तिने डॉक्टरला हाक मारली, त्याने बाटली उजेडाला धरली आणि नुसता हं म्हणाला. पाण्यात प्रोटीन वाढलं की असं जाळं धरतं म्हणे.

सकाळी नऊपर्यंत पाण्याचा पहिला रिपोर्ट. पेशी २८०, त्यातल्या ८५ टक्के लिम्फोसाइट (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी). प्रोटीन १९०, जे ४५ च्या आत पाहिजे. पाण्यातली शुगर २८ आणि त्याच वेळी रक्तातली ११८. ही जोडी लक्षात ठेवा, पाण्यातली शुगर रक्तातल्या निम्म्याहून कमी असली की डॉक्टर सावध होतात, म्हणून ती बोटातली शुगर. एडीए १४, टीबीत हे वाढतं. आणि सीबीनॅट, म्हणजे टीबीचे जंतू थेट शोधणारी टेस्ट, ज्याच्यावर आम्ही सगळे डोळे लावून बसलो होतो, तो आला निगेटिव्ह.

आईने लगेच हात जोडले, टीबी नाही म्हणून. मोठे सर राऊंडला आले होते, त्यांनी रिपोर्ट बघितला, दादाकडे बघितलं आणि सिस्टरला म्हणाले टीबीचं सुरू करा, डेक्सा (सूज उतरवणारं स्टेरॉइड) पण, आजच, पहिला डोस आत्ता. मी म्हणलं सर निगेटिव्ह आहे ना. ते म्हणाले, "पॉझिटिव्ह आला असता तर खात्री झाली असती. निगेटिव्ह आला म्हणून काहीच सिद्ध होत नाही. कल्चरला टाकलंय, म्हणजे जंतू वाढवून बघायला, त्याला सहा आठवडे लागू शकतात. तेवढा वेळ याच्याकडे नाहीये." कल्चर ३७ व्या दिवशी पॉझिटिव्ह आलं. तोपर्यंत दादा घरी येऊन भाकरी खात होता. रिपोर्टची वाट बघणारा डॉक्टर मिळाला असता तर तो रिपोर्ट आम्ही कशाला आणायला गेलो असतो, मला कल्पना पण करवत नाही.

त्यामुळे माझे स्टार बहुतेक सगळे त्या पहिल्या बारा तासांचे आहेत. रात्री साडेदहाला गेट, सकाळी दहाला पहिला डोस. याच्यापेक्षा महत्त्वाचं या आजारात काही नाही असं मी आता बिनधास्त म्हणू शकते, कारण वॉर्डात राहून बाकीच्यांचं काय झालं ते बघितलंय. डॉक्टर लोक भरती करताना स्टेज लिहितात. पूर्ण शुद्धीत असेल आणि कुठे लुळेपणा, डोळा वाकडा असं काही नसेल तर एक. थोडी गुंगी, किंवा शुद्ध असून एखादी नस किंवा हातपाय गेलेला, तर दोन. बेशुद्धीकडे गेला की तीन. दादा दोन नंबर, त्या वार विचारण्याच्या, शुद्ध मोजायच्या परीक्षेत १५ पैकी १३. आमच्या समोर खिडकीपाशी एक नर्सिंगची विद्यार्थिनी होती, आठ दिवस डोकं दुखतंय म्हणून तिने स्वतःच भांडून पाणी काढायला लावलं होतं, एक नंबरला सापडली, अकराव्या दिवशी स्वतःची बॅग स्वतः उचलून घरी गेली. दाराजवळच्या बेडवर एक काका, साठीचे, शेजारच्या जिल्ह्यातून आणलेले, आधी महिनाभर बाहेरची बाधा म्हणून कुठेकुठे फिरवलेले, आले तेच तीन नंबरमध्ये. शंट (डोक्यातलं जास्तीचं पाणी काढायची नळी) घातला, व्हेंटिलेटर झाला, सगळं तेच औषध, तेच डॉक्टर. पाचव्या रात्री गेले. त्यांच्या मुलाचा चार्जर अजून माझ्याकडे आहे.

मी त्या मुलाला, म्हणजे रेसिडेंटला, एकदा सरळ विचारलं होतं, खरं सांगा. तो म्हणाला सगळे मिळून धरले तर साधारण चारातला एक जातो, औषध चालू असून. एचआयव्ही असेल तर त्याहून बरेच जास्त. आणि वाचतात त्यातल्या बऱ्याच जणांमध्ये काही ना काही मागे राहतं. मी म्हणलं दादाचं काय राहील. तो म्हणाला, आत्ता विचारू नका, दोन आठवड्यांनी विचारा.

दोन आठवडे थांबावं लागलंच नाही. चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप डाव्या हातातून सुटला. आम्हाला वाटलं सलाईनचा हात आहे म्हणून असेल, पण हात वर करायला सांगितला तर अर्ध्यात येऊन पडायचा. वहिनी बाथरूममध्ये जाऊन रडली. मला राग आला होता, औषध चालू असताना लकवा कसा होतो म्हणून मी आवाज चढवला. तेव्हा एक मॅडम होत्या, सीनियर, त्यांनी केसपेपरच्या मागे पेनाने मेंदू काढला, बटाट्यासारखा, आणि खालच्या बाजूला गिरगोटलं. म्हणाल्या सगळा राडा इथे आहे, मेंदूच्या तळाला. जेलीसारखा चिकट पू तिथे साचतो. डोळ्याच्या नसा तिथूनच जातात, म्हणून डबल दिसलं. मेंदूला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या तिथूनच जातात, त्या सुजून बंद पडल्या म्हणून हात गेला. मेंदूतलं पाणी खाली उतरायची वाट पण तिथूनच, ती तुंबली तर मेंदूत पाणी वाढणार. हे तिसरं अजून झालं नाहीये, होऊ शकतं, त्याच्यावर लक्ष ठेवा, जास्त झोपायला लागला तर रात्री तीन वाजता पण मला उठवा. तो केसपेपरचा कागद मी जपून ठेवलाय. चार वर्षं सायन्स शिकून मला जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या बटाट्याने कळलं.

आणि सहाव्या रात्री तेच झालं. दादा उठेना. आधी सोडियम कमी म्हणून धरलं, ते खरंच कमी होतं, १२१, या आजारात ते असं घसरतं आणि माणूस बरळतो, त्याच्यासाठी मिठाचं जाड सलाईन हळूहळू चालू केलं. पण परत सीटी केला तर पाण्याच्या पिशव्या फुगलेल्या. सकाळी शंट घातला. डोक्यातून एक बारीक नळी कानामागून, कातडीच्या खालून, मानेवरून छातीवरून पोटात सोडतात, जास्तीचं पाणी पोटात उतरतं आणि तिथे जिरतं. हात लावला तर गळ्याशी दोरीसारखी लागते. दादाची पोरगी तिला बाबाची वायर म्हणते. मोफत उपचाराच्या योजनेच्या काउंटरवर रेशन कार्ड आणि आधार घेऊन दोन तास उभं राहावं लागलं आणि तिथल्या माणसाने आमच्या रेशन कार्डावर आजोबांचं नाव का आहे यावर वाद घातला, पण पैसे लागले नाहीत. संध्याकाळी दादाने डोळे उघडले आणि वहिनीला म्हणाला गाडीचा हप्ता भरला का.

बाकी सर्व्हिसचं म्हणाल तर सरकारी ते सरकारीच. संडासाचं दार लागत नाही, आतून एका हाताने धरून बसायचं. डासांना मात्र कुठल्याही वॉर्डात मोफत प्रवेश. पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला तेल लावायचं, नाकातल्या नळीतून गोळ्या कुटून घालायच्या, हे सगळं नातेवाइकांनीच करायचं. एका मोठ्या सिस्टरने पहिल्या दिवशी माझ्या अंगावर ओरडून शिकवलं, तुम्ही काय पाव्हण्या आहात का, हात घाला. तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं. २६ दिवसांत दादाला एक बेडसोर झाला नाही ते त्या ओरडण्यामुळे. मामा लोक चहाला पैसे मागतात म्हणतात, आमच्या मामांनी मागितले नाहीत, उलट बाहेरून जुन्या ट्यूबचं एअर बेडसारखं काहीतरी जुगाड आणून दिलं.

स्टेरॉइडवरून घरात वेगळंच नाटक. शेजारचे एक काका फोनवर सांगून मोकळे, स्टेरॉइड म्हणजे विष, किडनी जाते. मी डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी व्हिएतनामचं सांगितलं, २००४ साली तिथे ५४५ पेशंटवर अभ्यास झाला होता, टीबीच्या औषधासोबत डेक्सा दिलं त्यांच्यात ३२ टक्के गेले, दिलं नाही त्यांच्यात ४१. म्हणजे जीव वाचतात. हातपाय वाचण्यात मात्र तेवढा फरक दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. काकांना मी हे आकडे पाठवले, निळी टिक झाली, उत्तर नाही. तोटा काय तर दादाची शुगर तीनशेवर गेली, इन्सुलिन टोचावं लागलं, आणि भूक! एका बसणीला पाच भाकऱ्या आणि मध्यरात्री उठून शेंगदाणे. चेहरा टम्म. गावातले म्हणायचे दवाखाना मानवला.

आईला एकच शंका शेवटपर्यंत होती, याला लहानपणी टीका दिला होता, दंडावर वण आहे बघा, मग टीबी झालाच कसा. बीसीजी, म्हणजे तोच टीका, लहान पोरांना याच मेंदूच्या टीबीपासून चांगलं वाचवते, मोठेपणी तिचा जोर राहत नाही, असं उत्तर मिळालं. आणि ताटवाटी वेगळी करायची गरज नाही हे पण तिथेच कळलं, कारण मेंदूतला टीबी खोकून-शिंकून कोणाला होत नाही, छातीत पण असेल तरच प्रश्न. दादाचा छातीचा एक्स-रे क्लीन. तरी वहिनीच्या माहेरचे दोन महिने आले नाहीत. असो.

घरी आल्यावरचा भाग हा वेगळाच रिव्ह्यू होईल पण थोडक्यात लिहिते. औषध सरकारी सेंटरवरून फुकट. वजन ५४ म्हणून चार औषधांच्या एकत्र गोळ्या रोज चार, सकाळी उपाशीपोटी, वर बी-सिक्सची एक. लघवी केशरी होते, पहिल्या दिवशी वहिनी किंचाळली होती, घाबरू नका, ते औषधच तसं आहे. दोन महिन्यांनी एक औषध कमी होतं आणि बाकीची पुढे चालू, छातीच्या टीबीसारखं सहा महिन्यांत सुटका नाही, आम्हाला एकूण १२ महिने सांगितलेत. निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी यादीवर, नाव चढलं की महिना १००० रुपये खात्यात येतात खाण्यापिण्यासाठी, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. आमचे पहिले चार महिने आलेच नाहीत, मग एकदम आले. सेंटरवर एकदा महिन्याच्या ऐवजी सातच दिवसांच्या गोळ्या दिल्या, स्टॉक नाही म्हणून. मी तिथे बसून राहिले. आशाताईंनी दुसऱ्या गावच्या सेंटरला फोन लावला आणि संध्याकाळपर्यंत पाकिटं आणून दिली. त्यांना पाच स्टार, त्यांचा मोबाईल स्वतःच्या पैशाने रिचार्ज करतात त्या.

सगळ्यात वाईट फाटली ती दुसऱ्या महिन्यात. स्टेरॉइड कमी करत करत बंद व्हायला आलं आणि दादाला परत ताप, परत तसंच डोकं. आम्ही धरूनच चाललो की संपलं, औषध लागू पडलं नाही. आण्णा तर पिकअप विकायचं बोलायला लागले. ओपीडीत नेलं, एमआरआय झाला, मेंदूत नवीन दोन गाठी. त्याच मॅडम होत्या. शांतपणे म्हणाल्या, औषध चालू असताना असं होतं कधीकधी, जंतू मरतात त्यांच्यावर शरीरच चवताळून उठतं, त्याची सूज ही. कल्चर बघितलं, टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन चालतंय, म्हणजे औषध बरोबर आहे. गोळ्या एकही बंद करायची नाही, स्टेरॉइड परत वाढवा आणि यावेळी फार हळू उतरवा. तीन आठवड्यांत ताप गेला. हे आधी कोणी सांगितलं असतं तर आम्ही त्या चार रात्री जगलो असतो जरा. डिस्चार्जच्या वेळी कागदावर एक ओळ लिहून द्यायला काय जातं.

आणि तो कापलेला पाचवा स्टार खरं तर याच्यासाठीच आहे, डिस्चार्जनंतरसाठी. जीव वाचवला, सलाम आहे, पण डाव्या हाताच्या व्यायामासाठी एक झेरॉक्स दिलं ज्यातली चित्रं काळी पडून दिसत नव्हती, आणि फिजिओच्या ओपीडीला या म्हणाले, ती सोमवार-गुरुवार, जायला-यायला १४० किलोमीटर. कोण नेणार. लिव्हरची टेस्ट करत जा एवढं सांगितलं, ते चांगलं, एकदा त्यातलं एसजीपीटी वाढलं तेव्हा वेळेत कळलं. डोळ्यांची तपासणी करून घ्या हे मात्र सांगितलंच नाही, त्या चार औषधांतल्या इथाम्बुटॉलने नजरेला, रंग ओळखायला त्रास होऊ शकतो म्हणून ती करायची असते, ते आम्हाला गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. तेच केळीवाले.

आता अकरावा महिना चालू आहे. डबल दिसणं तिसऱ्या महिन्यात गेलं. डावा हात वर जातो, शर्टाची बटणं लागत नाहीत, गोणी शिवायची सुतळी सुईत ओवता येत नाही. एकदा झटका आला होता म्हणून फिटची गोळी चालू आहे आणि त्यामुळे गाडी चालवायला बंदी. पिकअपवर ड्रायव्हर ठेवलाय, दादा शेजारी बसतो, मार्केटला काट्याची पावती, गेटपास, हमालांशी घासाघीस सगळं तोच बघतो. ड्रायव्हर ब्रेक उशिरा मारतो म्हणून रोज भांडण. कांद्याचा भाव मात्र त्याच्या डोक्यात राहत नाही, सकाळी ऐकलेला दुपारी विसरतो, म्हणून मोबाईलमध्ये लिहून ठेवतो, आणि मग वहिनीला फोन करायला कोणाचा तरी मोबाईल मागतो, विचारायला, की माझा मोबाईल घरी राहिलाय का.